स्थलांतर, मानवी

राहते ठिकाण सोडून दुसऱ्या गावात, प्रांतात किंवा देशात कायमची अथवा दीर्घ काळाची वस्ती करणे, याला लोकसंख्याशास्त्रात स्थलांतर म्हणतात. रोज कामाला जाऊन संध्याकाळी परतणे, सहल, यात्रा यांचा त्यात समावेश होत नाही. एखाद्या प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन गोष्टींनीच बदलते. पहिल्या दोन प्रत्येकाच्या वाट्याला एकेकदाच येतात. तिसरी काहींच्या आयुष्यात कधीच घडत नाही, काहींच्या आयुष्यात पाच-सहा वेळा घडते, आणि घडलेली उलटूही शकते. म्हणूनच ती मोजायला सर्वांत अवघड आहे.

जनगणनेत साधारणपणे दोन प्रश्न विचारले जातात : जन्म कुठे झाला आणि यापूर्वी कुठे राहत होता. शेजारच्या शहरातल्या इस्पितळात जन्मलेले आणि आठवड्याभरात घरी आणलेले मूल पहिल्या प्रश्नाच्या हिशेबाने आयुष्यभर स्थलांतरित ठरते. उलट, वीस वर्षे परमुलखात काढून म्हातारपणी जन्मगावी परतलेला माणूस त्याच हिशेबाने कधी हललेलाच नसतो. वर्षातले सहा महिने बाहेर राबणारा हंगामी मजूर गणनेच्या रात्री घरी असला, तर तोही निसटतो. आंतरराष्ट्रीय आकडेवारीसाठी संयुक्त राष्ट्रांनी किमान 12 महिन्यांच्या मुक्कामाला दीर्घकालीन आणि 3 ते 12 महिन्यांच्या मुक्कामाला अल्पकालीन स्थलांतर मानण्याची शिफारस केली आहे. भारताच्या 2011 च्या जनगणनेत 45 कोटींहून अधिक लोक स्थलांतरित नोंदले गेले. त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या आणि त्यांच्या हलण्याचे मुख्य कारण विवाह असे नोंदले होते. कारणाच्या रकान्यात एकच उत्तर बसते. लग्न होऊन आलेली आणि दुसऱ्या महिन्यापासून कामावर जाणारी स्त्री त्यामुळे श्रमिकांच्या स्थलांतरात दिसत नाही. स्थलांतराचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी पाहणे भाग आहे.

व्याप्ती

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जन्मदेशाबाहेर राहणाऱ्यांची संख्या सुमारे 30.4 कोटी होती, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या 3.7 टक्के. 1990 मध्ये ती 15.4 कोटी होती. आकडा दुपटीच्या जवळ गेला, पण लोकसंख्याही वाढल्याने टक्का तीनच्या जरा खालून चारच्या जरा खाली एवढाच सरकला. शंभरांतली शहाण्णव माणसे आजही जन्मलेल्या देशातच राहतात. देशांतर्गत हालचाल यापेक्षा कितीतरी मोठी आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने 2009 मध्ये अशा लोकांची संख्या सावधपणे 74 कोटी धरली होती. एकट्या चीनच्या 2020 च्या जनगणनेत नोंदणीच्या ठिकाणापासून दूर राहणारी ‘तरती लोकसंख्या’ सुमारे 37.6 कोटी भरली. सार्वजनिक चर्चा मात्र जवळजवळ सगळी सीमा ओलांडणाऱ्यांभोवती फिरते.

नियमांचा शोध

स्थलांतराला काही ठरावीक नियम दिसत नाही, असे मत एकोणिसाव्या शतकातले इंग्रज संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी व्यक्त केले होते. ते खोडून काढण्यासाठी फ्रँकफुर्ट येथे जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले नकाशाकार अर्न्स्ट गेऑर्ग रावेनश्टाइन यांनी 1881 च्या ब्रिटिश जनगणनेतील जन्मस्थानांचे तक्ते घेतले आणि 1885 मध्ये ‘स्थलांतराचे नियम’ हा निबंध मांडला; 1889 मध्ये त्याला इतर देशांच्या आकडेवारीची जोड दिली. स्वतः स्थलांतरित असलेल्या या माणसाने काढलेले निष्कर्ष आजही बहुतांश टिकून आहेत. बहुसंख्य लोक जवळच जातात. शहराला लागून असलेल्या खेड्यांतली माणसे शहरात शिरतात आणि त्यांची रिकामी जागा आणखी लांबच्या खेड्यांतली माणसे भरतात, असे टप्प्याटप्प्याने घडत जाते. दूरवर जाणारे थेट व्यापार-उद्योगाच्या मोठ्या केंद्रांकडे जातात. प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. आणि, त्या काळच्या समजुतीला धक्का देणारा निष्कर्ष असा की, जवळच्या अंतरावर स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक हलतात, तर परदेशी जाण्यात पुरुष पुढे असतात. घरकामाला लागणाऱ्या मुलींइतकाच कारखान्यांत जाणाऱ्या मुलींचाही त्यांनी विचार केला होता.

अंतर वाढेल तसा प्रवाह का आटतो, याची दोन स्पष्टीकरणे नंतर पुढे आली. जॉर्ज झिप्फ यांनी 1946 मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर सूत्र मांडले : दोन शहरांमधली ये-जा त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या प्रमाणात घटते. त्याआधी 1940 मध्ये सॅम्युएल स्टाउफर यांनी अंतरालाच खरे कारण मानायला नकार दिला होता. त्यांच्या मते वाटेत आधी भेटणाऱ्या संधी माणसाला थांबवतात. मला स्टाउफर यांची मांडणी अधिक पटते, कारण ती माणसाला वजन न मानता शोध घेणारा जीव मानते.

एव्हरेट ली यांनी 1966 मध्ये मूलस्थान, गंतव्यस्थान, मधले अडथळे आणि व्यक्तिगत बाबी असे चार गट पाडले. ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या कारणांची पाठ्यपुस्तकी विभागणी त्यातूनच रूढ झाली. पण तिच्यात लींचा खरा मुद्दा हरवतो. एकाच गावातली चांगली शाळा शाळकरी मुलांच्या आईबापांना धरून ठेवते, तर मूलबाळ नसलेल्या घरमालकाला त्याच शाळेसाठीचा कर नकोसा होतो. तेच कारण एकाला बांधते आणि दुसऱ्याला ढकलते. म्हणून गाव का सुटते या प्रश्नाइतकाच, त्या गावातून कोण बाहेर पडते हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

स्थलांतरित कोण असतो

वय हा सर्वांत पक्का धागा. आंद्रेई रॉजर्स आणि लुईस कास्त्रो यांनी 1981 मध्ये दाखवले की, वेगवेगळ्या देशांतील स्थलांतराचे वयानुसार काढलेले आलेख एकमेकांसारखे दिसतात. तान्ह्या मुलांत दर बराच असतो, कारण त्यांचे आईबाप तरुण असतात आणि तेच हलत असतात. मुले शाळेत रुळली की तो घसरतो आणि पौगंडावस्थेत तळाला जातो. मग शिक्षण, पहिली नोकरी आणि लग्न एकदम येतात. विशीत आलेख सुळक्यासारखा चढतो आणि तिशीनंतर हळूहळू उतरतो. काही समाजांत निवृत्तीच्या वयाजवळ एक छोटा उंचवटा दिसतो. विशीचा हा सुळका अर्थशास्त्रीय दृष्टीने समजतो : लॅरी शास्ताद यांनी 1962 मध्ये स्थलांतराला गुंतवणूक म्हटले, आणि गुंतवणुकीची फळे खायला तरुणाच्या हातात सर्वाधिक वर्षे उरलेली असतात. सोडून देण्यासारखेही त्याच्याकडे कमी असते.

सर्वाधिक गरीब माणूस सर्वांत आधी घर सोडतो, हा समज फार खोल रुजला आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीचा आहे. प्रवासाला भाडे लागते, कागदपत्रे लागतात, दलालाला आगाऊ रक्कम लागते, पहिला पगार हाती येईपर्यंत पोटाला लागते. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही तो जवळच्या जवळ, हंगामापुरता हलतो किंवा हलतच नाही. अंतर आणि अडथळे जितके मोठे, तितकी चाळणी बारीक. दूरदेशी पोचणारे शिक्षणात, प्रकृतीत आणि जोखीम घेण्याच्या तयारीत मागे राहिलेल्यांपेक्षा सरासरीने पुढे असतात. नव्याने आलेले स्थलांतरित स्थानिकांपेक्षा निरोगी आढळतात, या अनेक देशांतील निरीक्षणामागे हीच निवड आहे. मुक्काम वाढला की हा फरक विरत जातो. निवड नेहमी वरच्या थरातूनच होते असे मात्र नाही. जॉर्ज बोर्हास यांनी 1987 मध्ये असे मांडले की, कौशल्याला मूळ देशात मिळणारा मोबदला गंतव्य देशापेक्षा जास्त असेल, तर कमी कुशल माणसेच बाहेर पडतील. हा वाद अजून मिटलेला नाही.

स्त्री-पुरुष प्रमाण प्रवाहागणिक बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमधून अमेरिकेला गेलेल्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, त्यांतल्या बऱ्याच तरुण, अविवाहित आणि एकट्या. त्यानंतर आलेल्या इटालियन लाटेत पुरुषांचे प्राबल्य होते आणि त्यांतला मोठा भाग पैसे गाठीला बांधून परत गेला. आज आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांत स्त्रिया निम्म्याहून किंचित कमी आहेत. शुश्रूषा, घरकाम आणि वृद्धांची सेवा या कामांची मागणी त्यांना थेट ओढते. अशा कामांसाठी जाणाऱ्या स्त्रिया कुणाच्या मागून जात नाहीत.

साखळी

कारणांच्या यादीत न मावणारी पण प्रत्यक्षात सर्वांत बलवान गोष्ट म्हणजे ओळख. एका खोलीत सहा जण राहत असतात, तीन रात्रपाळीचे आणि तीन दिवसपाळीचे, म्हणून अंथरुणे तीनच पुरतात. सातवा येतो तेव्हा त्याच्या हातात पत्ता असतो. तो पहिली रात्र दाराजवळ अंग टाकतो. सकाळी गाववाला त्याला मुकादमाकडे नेतो आणि ‘आपला माणूस आहे’ एवढेच सांगतो. पहिल्याला जे शोधायला सहा महिने लागले ते सातव्याला बारा तासांत मिळते. जाणाऱ्याचा खर्च आणि धोका असा कमी होत गेला की, पूर्वी चाळणीत अडकणारी माणसेही जाऊ लागतात. डग्लस मॅसी यांनी या वाढत्या चक्राचा सविस्तर अभ्यास केला. मूळ कारण संपल्यावरही प्रवाह का चालू राहतो, आणि एकाच गावातली माणसे हजारो किलोमीटरवरच्या एकाच गल्लीत का सापडतात, याचे उत्तर या साखळीत आहे.

निर्णयही एकट्याचा क्वचितच असतो. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी 1985 मध्ये कुटुंबाला निर्णयाचे एकक मानले : एक मुलगा शेतात, एक शहरात, म्हणजे पीक बुडाले तर पगार आणि पगार बुडाला तर पीक. जिथे विमा आणि कर्जाची सोय नाही, तिथे स्थलांतर हाच विमा असतो. मायकेल पायोरी यांनी 1979 मध्ये दुसरी बाजू दाखवली : स्थानिक लोक नाकारतात ती अस्थिर, कमी प्रतिष्ठेची कामे नवा माणूस स्वीकारतो, कारण त्याच्या प्रतिष्ठेचा हिशेब अजून गावाकडे चाललेला असतो. तो हिशेब त्याच्या मुलांच्या पिढीत बदलतो.

या साखळीवर धोरणांचा परिणाम अनेकदा उलटा होतो. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून ‘पाहुणे कामगार’ बोलावले आणि 1973 मध्ये भरती थांबवली. तोवर आलेल्यांतले बहुसंख्य कामगार परतत असत. दार बंद झाल्यावर परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे उमगले, तेव्हा कित्येकांनी जाण्याऐवजी बायकामुलांना बोलावून घेतले. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरही बंदोबस्त कडक झाल्यानंतर हंगामी येणे-जाणे घटले आणि कायमचा मुक्काम वाढला. चीनमध्ये 1958 पासूनच्या कुटुंबनोंदणी पद्धतीने शाळा, उपचार आणि निवृत्तिवेतन हे हक्क मूळ नोंदणीला बांधले. माणसे शहरात कामाला आली, पण कोट्यवधी मुले आजी-आजोबांजवळ खेड्यात राहिली.

सक्तीचे स्थलांतर

वर सांगितलेली सारी निवड स्वेच्छेला धरून आहे. गुलामांच्या व्यापारात सुमारे 1.25 कोटी आफ्रिकी स्त्री-पुरुषांना अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबले गेले. त्यांची निवड विकत घेणाऱ्याने केली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपताच 1834 पासून करारबद्ध भारतीय मजूर मॉरिशसला आणि पुढे कॅरिबियन, फिजी, दक्षिण आफ्रिका येथील मळ्यांवर नेले गेले. अंगठा उठवलेल्या करारातले बरेच काही त्यांना वाचता येत नव्हते. सक्ती आणि संमती यांच्यामधली रेघ इथे पुसट होते, आणि आजच्या दलालाच्या कर्जात अडकलेल्या मजुराच्या बाबतीतही ती तितकीच पुसट आहे.

युद्ध, छळ आणि फाळणी यांतून निघणाऱ्या लोंढ्यांत वयाचा सुळका सपाट होतो, कारण घरेच्या घरे निघतात. 1947 च्या फाळणीत काही महिन्यांत एक कोटीहून अधिक लोक दोन्ही बाजूंनी सीमेपार गेले. 2024 च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेले सुमारे 12.3 कोटी लोक होते. जगाच्या लोकसंख्येत मुलांचा वाटा तीन दशांशाच्या आसपास आहे, विस्थापितांत तो सुमारे चार दशांश. विस्थापितांपैकी बहुसंख्य स्वतःच्याच देशात होते आणि देशाबाहेर पडलेल्यांतले बहुतेक शेजारच्या देशात. जवळच जाण्याचा रावेनश्टाइन यांचा नियम इथेही सुटत नाही. 1951 चा निर्वासितविषयक करार छळाच्या रास्त भीतीने देशाबाहेर पडलेल्यांना संरक्षण देतो. देशात विस्थापित झालेला किंवा दुष्काळाने हललेला माणूस त्याच्या व्याख्येत बसत नाही.

विकास, पर्यावरण आणि न जाणारे

गरीब देशाची स्थिती सुधारली की लोक बाहेर जायचे थांबतील, ही अपेक्षा अनुभवाला उतरत नाही. उत्पन्न वाढू लागले की प्रवासाची ऐपत आणि जगाची माहिती वाढते, त्यामुळे आरंभी बहिर्गमन वाढते आणि बऱ्याच वरच्या पातळीला पोचल्यावर उतरते. विल्बर झेलिन्स्की यांनी 1971 मध्ये असेच टप्पे सुचवले होते : आधी खेड्यातून शहराकडे आणि परदेशी, नंतर शहरातून शहराकडे.

हवामानबदलाच्या बाबतीतही ऐपतीचा हाच प्रश्न येतो. दुष्काळ माणसाला ढकलतो, पण जाण्यासाठी विकायची ती गुरेवासरेही खाऊन टाकतो. म्हणून लागोपाठ पिके बुडाल्यावर काही भागांत लांब पल्ल्याचे स्थलांतर वाढण्याऐवजी घटलेले दिसते. पर्यावरण आणि स्थलांतर यांवर ब्रिटिश सरकारसाठी 2011 मध्ये तयार झालेल्या अहवालाने अशा लोकांना ‘अडकलेली लोकसंख्या’ म्हटले. पाणी वाढत किंवा आटत असलेल्या जागी राहणारे, निघायची इच्छा असलेले आणि निघू न शकणारे हे लोक स्थलांतराच्या कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.