लष्कराचा जुना ट्रक नावावर करताना: कागदपत्रं, पासिंग आणि टो-बारची परवानगी

लिलावात घेतलेला लष्कराचा स्टॅलियन किंवा शक्तिमान ट्रक रस्त्यावर आणायचा असेल, तर टो-बारच्या (एका गाडीने दुसरी ओढताना मध्ये जोडायच्या दांड्याच्या) आधी नोंदणीचा प्रश्न सोडवावा लागतो. सैन्याच्या गाड्या मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 60 खाली वेगळ्या नोंदवल्या जातात, म्हणून त्यांच्यावर आरटीओचा नव्हे तर बाणाचं चिन्ह असलेला लष्करी नंबर दिसतो. गाडी केंद्र सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की ही सोय संपते. मग कलम 39 आणि 40 लागू होतात, म्हणजे तुमच्या भागातल्या आरटीओत नव्याने पासिंग. ते होईपर्यंत वेल्डरकडे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

बोली लावण्याआधी लिलावाच्या अटी शेवटपर्यंत वाचा. लॉट ‘भंगार’ म्हणून विकला जात असेल, तर तो ट्रक कितीही ठणठणीत दिसला तरी रस्त्यावर चालवण्यासाठी घेऊ नये. अटी वाचून झाल्या की उत्पादनाचं वर्ष आणि मॉडेल घेऊन आपल्या आरटीओत जा आणि या गाडीची नोंदणी होईल का, ते विचारून या. अनामत रक्कम भरण्याआधीची ही एक चक्कर पुढचा बराच मनस्ताप वाचवते.

नोंदणीचा अर्ज फॉर्म 20 मध्ये करायचा. सोबत विमा, पत्त्याचा पुरावा, शुल्क आणि कर हे नेहमीचंच. खरी किल्ली आहे फॉर्म 21, म्हणजे विक्री प्रमाणपत्र. शोरूमच्या गाडीला ते डीलर देतो. माजी लष्करी गाडीसाठी ते संबंधित लष्करी अधिकाऱ्यांकडून मिळतं आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 47 प्रमाणे त्याची मूळ प्रतच लागते. झेरॉक्सवर काम होत नाही. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना व वर्ष, रिकामं वजन, एकूण वजन, टायरचं वर्णन, बॉडीचा रंग अशा नोंदी असतात. डेपोच्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच त्या गाडीशी ताडून पाहा. जुन्या ट्रकचा चेसिस नंबर रंगाच्या थरांखाली दबलेला असतो. वायर ब्रशने जागा साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला एकेक आकडा प्रमाणपत्राशी जुळवा. एक आकडा चुकला तरी फाइल परत येते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच डेपोचे उंबरठे झिजवावे लागतात.

रंगही बदलावाच लागतो. नियम 121 नुसार ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. आरसीवर रंगाची नोंद होते, तेव्हा तपासणीला नेण्याआधीच रंगकाम उरका.

आता टो-बार. कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ‘फेरबदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं, असं याच कलमात स्पष्ट केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला कलम 182अ खाली पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून माझा आग्रह आहे की जे मुळात आहे तेच वापरा. लष्करी ट्रकला पुढे ओढण्यासाठी शॅकल (पिन घालून बंद होणारी जाड कडी) आणि मागे टोइंग हूक बहुधा कंपनीनेच दिलेले असतात. कंपनीच्या माहितीपत्रकातलं किंवा हँडबुकातलं ते पान तपासणीच्या दिवशी फाइलमध्ये ठेवा. पुढच्या दोन शॅकलच्या जागी पिनांनी अडकणारा आणि काम झालं की काढता येणारा ‘ए’ आकाराचा टो-बार गाडीची रचना बदलत नाही. टो-बार अडकवायला कायमची ब्रॅकेट बसवायचीच असेल, तर आधी आरटीओकडे लेखी अर्ज द्या. अर्जाला आरसी, विमा, फिटनेस आणि ब्रॅकेटचं मापांसह रेखाचित्र जोडा. मंजुरी मिळाल्यावरच काम करा आणि आरसीवर नोंद करून घ्या.

ब्रॅकेटचा भार चेसिसच्या दोन्ही लांब बीमवर यायला हवा, बंपरवर नव्हे. बीमच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. तडा तिथूनच जातो. उभ्या भागातून उच्च ताकदीचे बोल्ट घाला.

मालवाहू ट्रकला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. आठ वर्षांहून जुन्या गाडीला ते दरवर्षी घ्यावं लागतं. तपासणीला नेताना टो-बार काढून ठेवा.

ट्रक ओढून न्यायचा झाल्यास प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) सोडवा, नाहीतर गिअरबॉक्सला तेल न मिळता तो जळतो. स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाडीत हवेचा दाब नसेल, तर चाकं जाम राहतात. तेव्हा पुढच्या गाडीतून हवेची नळी जोडा. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, आणि मागच्या ट्रकच्या स्टिअरिंगवर परवानाधारक चालक हवाच.