जॉर्जियन आणि तेलुगू : कुळाच्या शोधाची दोनशे वर्षे

जॉर्जियन आणि तेलुगू या भाषांची तुलना बहुधा डोळ्यांपासून सुरू होते. कॉकेशसमधील जॉर्जिया देशाच्या राजधानीतील, म्हणजे तिबिलिसीतील, दुकानाची पाटी आणि विजयवाड्यातील बसवरची पाटी शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्हींवरील वाटोळी, आत वळत जाणारी अक्षरे पाहून ही एकाच घरातली असावीत असा ग्रह सहज होतो. हा ग्रह टिकत नाही. पण तो कुठे कोलमडतो हे पाहू लागले की दोन्ही भाषांचा एक समांतर इतिहास समोर येतो. या दोन्ही भाषांना विद्वानांनी दीर्घकाळ दुसऱ्याच कुणाच्या कुळात बसवण्याचा प्रयत्न केला.

लिपीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. तेलुगू लिपी ब्राह्मीची वंशज असून कन्नड लिपीची जुळी बहीण आहे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने आडवी सरळ रेघ ओढली की पान फाटते, म्हणून दक्षिणेकडील अक्षरे गोलावली, असे कारण नेहमी दिले जाते. जॉर्जियन लिपीला ते लागू पडत नाही, कारण तिथे चर्मपत्रावर लिहीत. तिचा वर्णक्रम ग्रीकच्या धर्तीवर आहे आणि पाचव्या शतकापासूनचे तिचे शिलालेख सापडतात. त्यांपैकी काही तर थेट बेथलेहेमजवळ मिळाले. सर्वांत जुन्या रूपाचे एक नाव ‘म्र्ग्व्लोवानी’, म्हणजे गोलाकार, असे आहे. त्यापुढचे नुसखुरी हे रूप कोनदार झाले आणि आज चालणारी म्खेद्रुली पुन्हा वाटोळी झाली. ही तिन्ही रूपे अजून वापरात असल्यामुळे २०१६ साली युनेस्कोने त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. रचनेतही दोन्ही लिप्या वेगळ्या आहेत. तेलुगूत आपल्यासारखाच व्यंजनात ‘अ’ धरलेला असतो आणि बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर ‘तलकट्टु’ नावाची छोटी खूण असते. जॉर्जियनमध्ये ३३ स्वतंत्र अक्षरे एकापुढे एक मांडली जातात, काना-मात्रा नाही आणि जोडाक्षरही नाही.

कुळाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सगळ्या प्रमुख भाषा संस्कृतातून निघाल्या, असे युरोपीय पंडित धरून चालत. ज्याचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाले, त्याच विल्यम केरीने १८१४ मध्ये तेलुगूचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि तेलुगूचे मूळही संस्कृतातच दाखवले. याला उत्तर मद्रासहून आले. तेथील फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजात कंपनीच्या नवख्या अधिकाऱ्यांना दक्षिणी भाषा शिकवल्या जात. या कॉलेजशी संबंधित फ्रान्सिस व्हाइट एलिस याने १८१६ साली कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला एक टिपण जोडले. संस्कृत धातू एका रकान्यात आणि तेलुगू धातू दुसऱ्या रकान्यात मांडून त्याने दोन्हींचा मेळ बसत नाही हे दाखवले. मग तेलुगू, तमिळ आणि कन्नड यांचे धातू शेजारी मांडून यांचा मेळ बसतो हेही दाखवले. त्याच्या हाती असलेली धातूंची यादी आणि तत्सम, तद्भव, देश्य (संस्कृतातून न आलेले, मूळचे स्थानिक शब्द) ही विभागणी तेलुगू पंडितांच्या परंपरेतून आलेली होती, ही गोष्ट एलिसचे श्रेय सांगताना अनेकदा सुटून जाते. तेलुगूत संस्कृत शब्दांची रेलचेल आहे हे कुणी नाकारत नव्हते; प्रश्न होता तो देश्य शब्दांच्या मुळाचा. पुढे १८५६ साली रॉबर्ट काल्डवेलने या कुळाला ‘द्राविडी’ हे नाव देऊन त्याचे तौलनिक व्याकरण लिहिले आणि एलिस मागे पडला.

जॉर्जियनच्या वाट्याला उलट क्रम आला. तिचे मिंग्रेलियन आणि स्वान या शेजारी भाषांशी असलेले नाते अठराव्या शतकात ग्युल्डेनश्टेट या प्रवाशाने जमवलेल्या शब्दयाद्यांतूनच दिसू लागले होते. तरीही १८४७ साली फ्रान्झ बॉप याने जॉर्जियनला भारोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या, कुळात ओढण्याचा प्रयत्न केला. भारोपीय भाषांचे तौलनिक व्याकरण रचणारा हा माणूस. पण एका किल्लीने एक कुलूप उघडले म्हणून त्याने ती मलय आणि पॉलिनेशियन भाषांनाही लावून पाहिली होती. प्रयत्न फसला.

यापुढचा अध्याय अधिक विचित्र आहे. जॉर्जियातील कुताइसीत जन्मलेल्या निकोलाय मार या भाषावैज्ञानिकाने १९०८ साली जॉर्जियनचे नाते अरबी, हिब्रू यांसारख्या सेमिटिक भाषांशी जोडले, त्यातून ‘याफेती’ सिद्धान्त उभा केला आणि पुढे जगातील सर्व भाषा ‘साल, बेर, योन, रोश’ या चार घटकांतून निघाल्याचे प्रतिपादन केले. सर्व भाषा म्हटल्यावर तेलुगूही आपोआप त्यात आलीच. मार १९३४ मध्ये वारला, तरी सोव्हिएत भाषाविज्ञानात हे मत अधिकृत बनून राहिले आणि त्याला विरोध करणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. अखेर मे १९५० मध्ये जॉर्जियन भाषावैज्ञानिक आर्नोल्द चिकोबावा याने ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रात मारवर टीका केली आणि जून महिन्यात स्वतः स्टालिनने, ज्याची मातृभाषा जॉर्जियन होती, त्याच वृत्तपत्रात लेख लिहून हा सिद्धान्त मोडीत काढला. भाषाविज्ञानातला वाद देशाच्या सर्वेसर्वाने लेख लिहून मिटवावा, हे शास्त्राच्या दृष्टीने काही शोभादायक नव्हते, निकाल योग्य असला तरी.

जॉर्जियन आणि तेलुगू यांना खरोखर एका सूत्रात ओवणारी मांडणी त्यानंतरची आहे. अनेक भाषाकुळांना पोटात घेणाऱ्या महाकुळासाठी ‘नोस्ट्रॅटिक’ ही संज्ञा १९०३ साली होल्गर पेडरसनने काढली होती. १९६० च्या दशकात व्लादिस्लाव इलिच-स्वितिच या तरुण सोव्हिएत अभ्यासकाने भारोपीय, उराली, अल्ताई, सेमिटो-हॅमिटिक, द्राविडी आणि कार्तवेली, म्हणजे जॉर्जियनचे कुळ, अशी सहा कुळे एका अतिप्राचीन मुळाकडे नेणारा कोश रचला. १९६६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो अपघातात गेला. कोश १९७१ पासून त्याच्या मित्रांनी प्रसिद्ध केला. २०१३ साली मार्क पेगेल आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राच्या आधारे सुमारे १५,००० वर्षे मागे जाणारे महाकुळ सुचवले, त्यातही द्राविडी आणि कार्तवेली होत्या. बहुसंख्य भाषावैज्ञानिकांना हे पटलेले नाही. इतक्या काळात ध्वनी एवढे झिजतात की उरलेले साम्य नात्याचे की योगायोगाचे, हे सांगण्याचे साधन हाती राहत नाही, हा आक्षेप माझ्या मते रास्त आहे.

मग प्रत्यक्ष भाषा काय सांगतात? तेलुगूला शब्दाच्या शेवटी स्वर हवा असतो. बाहेरून आलेली ‘कार’ तिथे ‘कारु’ होते आणि ‘रोड’चा ‘रोड्डु’ होतो. जॉर्जियनमध्ये ‘ग्व्प्र्त्स्क्व्नी’, म्हणजे ‘तू आम्हाला सोलतोस’, अशी आठ व्यंजनांची माळ चालते. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च हे दोन्ही ध्वनी दोन्ही भाषांत आहेत, आपल्याकडे आणि तेलुगूत त्यांना सहसा एकच अक्षर पुरते, जॉर्जियनमध्ये मात्र वेगवेगळी अक्षरे लागतात. ‘मला हवे’ याला तेलुगूत ‘नाकु कावालि’ म्हणतात, म्हणजे ‘नाकु’ हे आपले ‘मला’. जॉर्जियनच्या ‘मिन्दा’ या क्रियापदात आरंभीचा ‘म’ तेच काम करतो. ‘माणूस पत्र लिहितो’ हे ‘कात्सी त्सेरिल्स त्सेर्स’, आणि ‘माणसाने पत्र लिहिले’ हे ‘कात्स्मा त्सेरिली दात्सेरा’. भूतकाळ येताच कर्त्याला ‘-मा’ लागतो, जसा आपला ‘-ने’ लागतो. तेलुगूत असे काही होत नाही. म्हणजे या एका बाबतीत जॉर्जियन तेलुगूपेक्षा मराठीलाच जवळची दिसते, आणि तरी मराठीशीही तिचे नाते नाही. रचनेतील साम्यावरून कुळ ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

नाते ठरते ते अशा जागी, जिथे साम्य नियमाने येते. द्राविडी भाषांचे अभ्यासक भद्रिराजू कृष्णमूर्ती यांच्या संशोधनातून तेलुगू ही तमिळपेक्षा गोंडी आणि कुवी यांच्या शाखेला अधिक जवळची असल्याचे स्पष्ट झाले, आणि ती गोंडी आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे आजही बोलली जाते. तेलुगूत तीनला ‘मूडु’ म्हणतात, गोंडीत ‘मुंड’. जॉर्जियनमध्ये तीनला ‘सामी’ म्हणतात, मिंग्रेलियनमध्ये ‘सुमी’, आणि तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर लाझ भाषेत ‘सुम’.