आपत्पुनर्प्राप्ती (डीआर), क्लाउडमधील : मुंबई

आग, पूर, वीजखंड, यंत्रबिघाड किंवा घातपात यांमुळे चालू संगणकप्रणाली बंद पडल्यास तीच सेवा दुसऱ्या ठिकाणाहून, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे माहिती न गमावता पुन्हा सुरू करण्याची तजवीज. सर्व्हरवरील देखरेख आणि प्रणालींचे स्थलांतर ही तिचीच दोन अंगे होत. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही मोठे शेअर बाजार आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन यांची मुख्यालये मुंबईत असल्याने या विषयाचे भारतातील बहुतेक बंधनकारक नियम याच शहरात घडले. त्यांची कसोटीही वारंवार येथेच लागली आहे.

डीआरची दोन मोजमापे रूढ आहेत. सेवा किती वेळात परत उभी राहिली पाहिजे, हा आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह). बंद पडण्याच्या क्षणापूर्वीची किती मिनिटांची माहिती गेलेली चालेल, हा आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह). दोन्ही आकडे धंद्याने ठरवायचे असतात, संगणक विभागाने नव्हे. प्रत्यक्षात ते बहुधा निविदेतून खाली येतात आणि कोणी तपासून पाहत नाही.

उगम : स्वतंत्र धंदा म्हणून डीआरची सुरुवात साधारणपणे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे धरली जाते. अनेक कंपन्यांनी वर्गणी भरून एकच राखीव मेनफ्रेम (मोठ्या सामायिक संगणकाचे) केंद्र वापरायचे, अशी ती रचना होती. चुंबकीय फितींच्या प्रती दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. परंतु प्रत जपणे आणि सेवा पुन्हा चालू करणे या दोन निराळ्या गोष्टी असल्याने तिला डीआरचा आरंभ मानणे बरोबर वाटत नाही. मुंबईपुरता हा आरंभ १२ मार्च १९९३ रोजी शेअर बाजाराच्या इमारतीत झालेल्या बॉम्बस्फोटाशी जोडता येईल. मात्र तेव्हा तेथील व्यवहार रिंगणात तोंडी बोलीने होत. संगणक बंद म्हणजे बाजार बंद, ही स्थिती नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) पडद्यावरील व्यवहार आणि १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ प्रणाली सुरू झाल्यावर आली. म्हणून १९९४–९५ हाच काळ अधिक ग्राह्य ठरतो.

अंतराचा प्रश्न : दुसरे केंद्र किती दूर असावे, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त मुद्दा आहे. न्यूयॉर्कमधील २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी नियामकांनी आपल्या मसुद्यात २०० ते ३०० मैलांचा उल्लेख केला होता. एप्रिल २००३ च्या अंतिम मजकुरातून तो आकडा वगळला गेला. सेबीने मात्र बाजारसंस्थांसाठी स्पष्ट भूमिका घेतली : डीआर केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात असावे आणि ते जमत नसल्यास मुख्य केंद्रापासून किमान ५०० किमी. दूर असावे. येथे एक तांत्रिक अडचण उद्भवते. भूकंपरोधक बांधकामाविषयीच्या भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या क्षेत्रात आहे आणि चेन्नईही तिसऱ्याच क्षेत्रात आहे, पुणेही तिसऱ्यातच. हैदराबाद व बंगळूरू दुसऱ्या क्षेत्रात येतात. म्हणजे एनएसईने निवडलेली मुंबई–चेन्नई ही जोडी भूकंपक्षेत्राच्या निकषावर नव्हे, तर अंतराच्या निकषावर पात्र ठरते. दोन शहरे एका क्षेत्रात असणे म्हणजे दोन्हींना एकाच वेळी धक्का बसणे नव्हे. हजार किलोमीटरवरील दोन ठिकाणे एकाच भूकंपात सापडण्याचा संभव नगण्य असल्याने अंतराचा निकषच अधिक अर्थपूर्ण म्हणावा लागेल.

परंतु अंतराची किंमत मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किमी. जातो. चेन्नईला जाऊन परत यायला किमान दहा मिलिसेकंद लागतात. केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. प्रत्येक नोंद दूरच्या केंद्रात पोहोचल्याची पावती मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम ठेवला, तर बाजाराची प्रणाली रखडते. तशी सोय साधारण शंभर किमी.पर्यंतच परवडते. यावर तोडगा म्हणून तीन ठिकाणांची रचना रूढ झाली : मुख्य केंद्र, शून्य माहितीहानीसाठी त्याच शहरातील जवळचे केंद्र, आणि काही सेकंद वा मिनिटे मागे चालणारे दूरचे केंद्र. सुमारे १२० किमी.वरील पुणे या दोन्हींच्या मध्ये अडकते : शून्य हानीसाठी थोडे दूर, नियमासाठी फार जवळ.

२४ फेब्रुवारी २०२१ : सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईवरील व्यवहार थांबले आणि दुपारी पावणेचारला सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालले. दूरसंचार जोडण्या अस्थिर झाल्या, त्यातून साठवणयंत्रणा प्रतिसाद देईनाशी झाली आणि क्लिअरिंगची (सौद्यांची देवघेव पुरी करण्याची) जोखीम-नियंत्रण प्रणाली अनुपलब्ध झाली, असे बाजाराने जाहीर केलेले कारण आहे. चेन्नईचे केंद्र असतानाही व्यवहार तेथे हलवले गेले नाहीत. या घटनेचा खरा धडा यंत्रांपेक्षा निर्णयाविषयी आहे. ‘आता सुरू होईल’ या आशेवर घोषणा लांबत जाते आणि आरटीओचे घड्याळ चालूच होत नाही. सेबीच्या मार्च २०२१ च्या परिपत्रकाने नेमकी हीच फट बुजवली : बिघाडापासून ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचे, आरपीओ १५ मिनिटे. २०१२ च्या परिपत्रकात आरटीओ ४ तास व आरपीओ ३० मिनिटे होता. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजारांनी प्रत्येकी दोन विशेष सत्रे भरवून पहिले मुख्य केंद्रातून व दुसरे डीआर केंद्रातून चालवले.

क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी) केंद्रे : मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई, पुणे व चेन्नई, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई ‘विभाग’ (एका परिसरातील केंद्रांचा समूह) सुरू केला. ॲमेझॉनचा हैदराबाद विभाग २०२२ मध्ये आणि गूगलचा दिल्ली विभाग २०२१ मध्ये आला. त्याआधी एकाच पुरवठादाराकडे देशाबाहेर न जाता दोन दूरचे विभाग मिळणे ॲमेझॉन वा गूगलच्या ग्राहकाला शक्य नव्हते. एप्रिल २०१८ च्या आदेशाने पेमेंटविषयक माहिती भारतातच साठवण्याचे रिझर्व्ह बँकेचे बंधन असल्याने ही अडचण खरी होती. एका विभागातील ‘झोन’ म्हणजे वेगळी वीज व वेगळी इमारत. वेगळे शहर नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तसा पाऊस झोनची हद्द पाहत नाही. एका इमारतीवर विसंबण्याचा परिणाम मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला लागलेल्या आगीत दिसला. बाहेर प्रत न ठेवलेल्या ग्राहकांची माहिती कायमची गेली. सर्व्हर क्लाउडवर नेला म्हणजे डीआर आपोआप झाले, ही समजूत अजूनही आढळते आणि ती धोकादायक आहे.

रचनेचे चार प्रकार मानतात : केवळ बॅकअप, मोजकेच मूळ घटक तेवते ठेवणारा ‘पायलट लाइट’, लहान आकारात चालू असलेला ‘वॉर्म स्टँडबाय’, आणि दोन्हीकडे एकाच वेळी चालणारी सेवा. खर्च याच क्रमाने चढत जातो.

देखरेख व स्थलांतर : नेगिऑस (१९९९), झॅबिक्स (२००१), प्रोमिथियस (२०१२) ही मुक्त साधने आणि पुरवठादारांची स्वतःची साधने वापरात आहेत. देखरेखीचा सर्व्हर ज्यावर नजर ठेवायची त्याच केंद्रात असू नये, हे तत्त्व साधे असले, तरी बऱ्याचदा मोडले जाते. स्थलांतरात जुनी व नवी प्रणाली काही काळ समांतर चालवून मग कटओव्हर करतात, म्हणजे सर्व काम नव्या प्रणालीवर वळवतात. डीएनएसच्या (सेवेच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) उत्तराची, ते जपून ठेवण्याची मुदत आदल्या दिवशीच कमी करून ठेवली नसेल, तर अर्धे ग्राहक जुन्याच पत्त्यावर जात राहतात.

कवायत : डीआर ड्रिल बहुधा शनिवारी रात्री, दिवसअखेरीची प्रक्रिया संपल्यावर होते. ब्रिज कॉलवर (सर्वांच्या एकत्रित फोनवर) ॲप्लिकेशन, डेटाबेस, नेटवर्क आणि शाखांचे प्रतिनिधी असतात. नव्या नोंदी थांबवल्या जातात. दोन्हीकडच्या लॉगमधील (बदलांच्या नोंदवहीतील) शेवटचा क्रमांक मोठ्याने वाचून ताडून पाहतात, मगच डीआरचा डेटाबेस मुख्य म्हणून उघडतात. येथपर्यंत सहसा अडत नाही. अडते ते पुढे. डीआर सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र गेल्याच महिन्यात संपलेले असते. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये (अनोळखी जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत) डीआरचा आयपी पत्ता नोंदलेलाच नसतो, त्यामुळे लॉगिन होते पण ओटीपी येत नाही. रात्री आपोआप चालणारे ठरावीक जॉब दोन्हीकडे सुरू राहून व्याज दोनदा लागते. रनबुकमध्ये (कामाच्या पायऱ्यांच्या वहीत) अशी प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे लिहून ठेवणारा गट पुढच्या वेळी तेवढाच निर्धास्त असतो. केवळ सर्व्हर चालू झाल्याचे पाहून ‘यशस्वी’ असा शेरा मारलेली कवायत, खरे व्यवहार तिच्यावर झालेच नसतील तर, कवायत म्हणता येत नाही. परत मुख्य केंद्रात येणे म्हणजे फेलबॅक, हे जाण्याहून कठीण असते, कारण आता ताजी माहिती डीआरकडे असते.

सहकारी बँका : लहान बँकांची प्रणाली बहुधा सामायिक पुरवठादाराकडे असते आणि तिचे डीआरही त्याचेच. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या पुरवठादाराच्या काही प्रणालींवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाल्याच्या शक्यतेमुळे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्याला किरकोळ पेमेंट जाळ्यापासून तोडले. जोडणी १ ऑगस्टला पूर्ववत झाली. दरम्यान देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. अशा हल्ल्यात दूरचे केंद्र एकटे पुरत नाही, कारण कुलूपबंद झालेल्या फाइली प्रतिकृतीबरोबर तेथेही पोहोचतात. त्यासाठी ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, प्रशासकालाही, बदलता वा पुसता न येणारी प्रत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते.