जॉर्दी सावाल: ३० हजार युरो नाकारण्याआधीची जवळपास पन्नास वर्षं

जॉर्दी सावाल म्हणजे युरोपचं जुनं संगीत वाजवणारा स्पेनचा वादक. त्याचं नाव निघालं की हल्ली दोनच गोष्टी निघतात, त्याचं संगीत असलेला १९९१चा फ्रेंच सिनेमा 'तू ले मातँ द्यू माँद' आणि २०१४ला नाकारलेला स्पेनचा राष्ट्रीय पुरस्कार. सिनेमाचं ठीक आहे, पण पुरस्काराबद्दल जे बोललं जातं ते बरंचसं अर्धवट असतं, म्हणून थोडं मागे जाऊ.

जन्म १९४१चा, बार्सिलोनाजवळच्या इगुआलादाचा. लहानपणी कॉयरमध्ये गायचा, मग चेलो धरला, १९६५ला बार्सिलोनाच्या कॉन्झर्व्हेटरीतलं शिक्षण संपलं. इथपर्यंत सगळं सरळ. मग तो व्हिओला दा गांबा ह्या जुन्या तंतुवाद्याच्या नादी लागला आणि सुरुवातीला तरी शिकवायला कोणी नाही, सगळं आपलं आपणच.

हे वाद्य लांबून चेलोच वाटतं, पण तारा सहा किंवा सात, दांडीवर आतड्याचे पडदे बांधलेले, आणि गज वरून नाही तर खालून धरायचा, तळहात वर करून, मधल्या बोटाने गजाच्या केसांवर दाब देत. चेलोवाल्याला हाताची सगळी सवय मोडावी लागते. गंमत म्हणजे हे वाद्य घडलं त्यात स्पेनचाच मोठा वाटा, पंधराव्या शतकाच्या अखेरीला तिथले लोक व्हिउएला हे गिटारसारखं वाद्य गजाने वाजवायला लागले तिथून ही गोष्ट सुरू होते. पण टोलेडोच्या दिएगो ऑर्तिसने त्यावरचं पुस्तक १५५३ला छापलं ते कुठे, तर रोममध्ये. आणि चारशे वर्षांनी सावाल तेच वाद्य नीट शिकायला १९६८ला गेला कुठे, तर स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलला. वाद्य घरचं, शाळा परक्याची.

पहिला ग्रुपही त्याने बाझेललाच काढला, १९७४ला, बायको आणि दोन मित्रांना घेऊन. तेव्हा स्पेनचा हुकूमशहा फ्रँको जिवंत होता. नाव ठेवलं हेस्पेरिऑन, जुने ग्रीक लोक इटली आणि स्पेनकडच्या पश्चिमेच्या मुलखाला जे म्हणायचे त्यावरून. नावापुढे 'XX' म्हणजे विसावं शतक, ते २०००ला बदलून 'XXI' केलं. १९८७ला गायकांचा ग्रुप, १९८९ला ऑर्केस्ट्रा, मग तो सिनेमा, ज्याच्या संगीताला सेझार हा फ्रान्सचा सिनेमा-पुरस्कार मिळाला आणि तोवर फार थोड्यांना माहीत असलेला जुना फ्रेंच संगीतकार मारँ मारे घरोघरी वाजायला लागला. १९९८ला बायकोबरोबर स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी. आपल्याकडच्या लोकांसाठी एक मुद्दाम सांगतो, २००७ला त्याने फ्रान्सिस झेवियरच्या प्रवासावर एक मोठा अल्बम काढला, त्यात गोव्याचा टप्पा आहे, तबला आणि सरोदही आहे. झेवियर मूळचा आजच्या उत्तर स्पेनमधल्या नव्हाराचा, तेव्हा स्पेनवाल्यांच्या दृष्टीने ही घरातलीच गोष्ट.

आता पुरस्कार. ऑक्टोबर २०१४च्या अखेरीला स्पेनच्या संस्कृती खात्याने त्याला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर केला, रक्कम ३० हजार युरो, आणि लगेच त्याने मंत्र्यांना पत्र लिहून कळवलं की नको. लक्षात घ्या, परत केला नाही, घेतलाच नाही. पत्रात राग आहे पण आदळआपट नाही. आधी आनंद झाला म्हणतो, मग वाईट वाटलं म्हणतो, आणि मग सांगतो की ज्या खात्याने कलेकडे इतकी वर्षं पाठ फिरवली त्याच्याच हातून हे घेणं म्हणजे स्वतःच्या तत्त्वांशी दगाबाजी. देशाचा जुना संगीताचा ठेवा कोणाला आठवत नाही ही तक्रारही त्यात आहे.

ह्यावर लगेच एक अर्थ लावला गेला की हे सगळं कॅटलोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या प्रांताच्या, स्वातंत्र्याचं राजकारण. तारीखच तशी होती, ९ नोव्हेंबरला तिथे स्पेनपासून वेगळं व्हावं का ह्यावर वादग्रस्त मतदान व्हायचं होतं, मधे जेमतेम दहा दिवस. तो कॅटलान आहे आणि ते लपवतही नाही हेही खरं. पण मला हा अर्थ आळशी वाटतो. २०१२च्या सप्टेंबरमध्ये सरकारने थिएटर, कॉन्सर्ट, सिनेमाच्या तिकिटांवरचा व्हॅट ८ वरून थेट २१ टक्क्यांवर नेला होता, मंदीने आधीच मोडलेल्या छोट्या ग्रुप्सना तो घाव कसा बसला असेल ते ज्याने चार कार्यक्रम आयोजित केलेत त्याला सांगायला नको. आणि पत्र जे बोलतं ते ह्याच लोकांबद्दल बोलतं, कसलीही मदत नसताना टिकून राहिलेल्या वादक-गायकांबद्दल. शिवाय त्याच्या मागोमाग बार्सिलोनाच्याच एका ज्येष्ठ फोटोग्राफर बाईंनी फोटोग्राफीचा राष्ट्रीय पुरस्कार नाकारला. आता त्याही कॅटलान, म्हणून राजकारणवाल्यांना आणखी जोर चढला, ते असो.

एक टीका मात्र मला पटते. ३० हजार घेऊन एखाद्या होतकरू ग्रुपला देता आले असते. पण मग फोटो मंत्र्यांबरोबरच निघाला असता ना.

कॉन्सर्ट आणि नाटकांच्या तिकिटांवरचा व्हॅट २०१७ला १० टक्क्यांवर आला. सिनेमावाल्यांना २०१८पर्यंत थांबावं लागलं.