चिनूक हेलिकॉप्टर आणि त्याच्या रेडिओ नियंत्रित प्रतिकृती

चिनूक (सीएच-47) : जड माल वाहण्यासाठी बांधलेले, दोन इंजिनांचे आणि एकामागे एक अशा दोन रोटरांचे अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टर. त्याचा आराखडा व्हर्टॉल कंपनीचा. 1960 मध्ये बोईंगने ही कंपनी विकत घेतली आणि 21 सप्टेंबर 1961 रोजी चिनूक प्रथम उडाले. व्हिएतनाम युद्धापासून ते सेवेत आहे. भारतीय हवाई दलाने 15 चिनूक घेतली; पैकी पहिली चार 25 मार्च 2019 रोजी चंदीगड येथे दाखल झाली.

रचना : चिनूकला शेपटीचा रोटर नसतो. दोन्ही रोटर परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, त्यामुळे यंत्राला गोल फिरवू पाहणारे बल आपोआप रद्द होते आणि इंजिनांची ताकद वजन उचलण्यास मोकळी राहते. वरून पाहता पुढचा रोटर घड्याळाच्या उलट आणि मागचा घड्याळाच्या दिशेने, मिनिटाला सुमारे 225 फेरे घेतो. प्रत्येक रोटरला तीन पाती असतात व व्यास 18.29 मीटर असतो. मात्र दोन मास्टांमधले (रोटर ज्यांवर बसतात त्या उभ्या दांड्यांमधले) अंतर जेमतेम 12 मीटर. म्हणजे सहा मीटरहून अधिक लांबीच्या पट्ट्यात दोन्ही रोटरांची पाती एकमेकांच्या जागेतून जातात. ती आपटत नाहीत याचे कारण केवळ यांत्रिक जोडणी. दोन्ही इंजिने मागे असतात. त्यांची शक्ती एका एकत्रित गिअरबॉक्समध्ये येते. तिथून एक शाफ्ट छतावरून पुढच्या गिअरबॉक्सकडे आणि दुसरा मागच्याकडे जातो. एक इंजिन बंद पडले तरी उरलेले इंजिन दोन्ही रोटर फिरवते.

नाक वर-खाली करण्यासाठी एका रोटरचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) वाढवून दुसऱ्याचा कमी करतात. कुशीवर कलण्यासाठी दोन्ही रोटर एकाच बाजूला झुकतात. नाक डावीकडे वळवायचे असेल तर पुढचा रोटर डावीकडे आणि मागचा उजवीकडे झुकतो. कमाल उड्डाणवजन 22,680 किलोग्रॅम आहे. पोटाखाली तीन हुक असतात; मधला सुमारे 11.8 टन, पुढचा व मागचा प्रत्येकी 7.7 टन पेलतो. लांबट ओझे पुढच्या-मागच्या हुकांना मिळून बांधले की ते हवेत गरगरत नाही. एका हुकाच्या हेलिकॉप्टरला हे साधत नाही.

जोडणी तुटली तर काय होते, हे दोन अपघातांनी दाखवले. 11 सप्टेंबर 1982 रोजी जर्मनीतील मानहाइम येथे पुढच्या गिअरबॉक्समधील तेलाचे मार्ग तुंबले. सफाईसाठी वापरलेला अक्रोडाच्या कवचाचा भुगा आत राहिला होता. रोटरांचा मेळ सुटला आणि 46 जण मृत्युमुखी पडले. 6 नोव्हेंबर 1986 रोजी शेटलंड बेटांवरील संबरोजवळ याच हेलिकॉप्टरची नागरी आवृत्ती समुद्रात कोसळून 45 जण गेले. तिथे पुढच्या गिअरबॉक्समधील दंतचक्र निकामी झाले होते.

प्रतिकृती : दोन रोटरांचा हाच मेळ प्रतिकृतीतही सर्वांत नाजूक भाग ठरतो. आधी प्रमाण ठरवावे. 1:26 प्रमाणात रोटरचा व्यास साधारण 70 सेंटीमीटर भरतो, 1:10 मध्ये 1.83 मीटर. वजन प्रमाणाच्या घनानुसार बदलते: पूर्ण भारित चिनूकचे 1:10 रूप 22.7 किलोचे होईल, 1:13.5 चे सुमारे 9.2 किलोचे. हे आकडे आधी मांडले तर बॅटरी, मोटर आणि सांगाड्याला किती वाव आहे ते कळते.

मोटर एकच ठेवावी आणि शक्ती शाफ्टने किंवा दातेरी पट्ट्याने दोन्हीकडे न्यावी. प्रत्येक रोटरला स्वतंत्र मोटर देण्याची कल्पना सोपी वाटते, पण पाती एकमेकांच्या जागेत येणार असतील तर ती अजिबात चालत नाही. दोन मोटरींचे वेग तंतोतंत जुळून राहत नाहीत. एकाच दिशेने फिरू देणारे बेअरिंग मोटर आणि सामाईक शाफ्ट यांच्यामध्येच हवे. ते दोन्ही रोटरांना वेगवेगळे बसवले तर मोटर बंद पडताच एक रोटर दुसऱ्याआधी मंदावतो आणि पाती भिडतात.

टप्पा (दोन्ही रोटरांच्या पात्यांची परस्पर स्थिती) जुळवण्याची खूण सोपी आहे. पुढच्या रोटरचे एक पाते बरोबर शेपटीकडे वळवावे. त्याच क्षणी मागच्याचेही एक पाते सरळ शेपटीकडेच असले पाहिजे. मग मागच्याची उरलेली दोन पाती पुढच्याच्या पात्याला दोन्ही बाजूंनी 60 अंशांची मोकळीक देतात. ही स्थिती शाफ्टवर रंगाने खुणावून ठेवावी आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी पाहावी. खूण सरकली असेल तर पट्ट्याने दात सोडला आहे किंवा ग्रब स्क्रू (शाफ्टवर दाबून बसणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) घसरला आहे. स्क्रूखाली शाफ्टला सपाट खाच घासून घ्यावी आणि स्क्रू थ्रेडलॉकर (आटे पक्के धरणारा गोंद) लावून बसवावा. गुळगुळीत शाफ्टवर नुसता आवळलेला स्क्रू टिकत नाही. मागचा रोटर उंच आहे, म्हणून चुकले तरी चालेल, असे समजू नये. पाती भाराखाली वाकतात.

प्रत्येक रोटरखाली स्वॉशप्लेट (पात्यांचा पिच बदलणारी, झुकणारी तबकडी) असते. 120 अंशांच्या स्वॉशप्लेटला तीन, म्हणजे एकूण सहा सर्व्हो (तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरी) लागतात. पाती पीळदार किंवा वरच्या बाजूने फुगीर असतील तर एक संच आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा घ्यावा लागतो. कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) दोन स्वॉशप्लेट चालवणारा हवा. आर्डुपायलट या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी हेलिकॉप्टरची रचना असून त्यात एकामागे एक रोटरांचा पर्याय मिळतो. रेडिओवरची दांडी मध्यावर असताना दोन्ही हेडांवर (पाती मास्टला जोडणाऱ्या भागांवर) पिच मापक शून्य दाखवेल अशी जुळणी करावी. अर्ध्या अंशाचा फरकही तरंगताना नाक उचलतो किंवा दाबतो, आणि तो ट्रिमने (रेडिओवरील बारीक दुरुस्तीने) झाकत बसण्यापेक्षा स्वॉशप्लेट व पाते जोडणाऱ्या दुव्याची लांबी बदललेली बरी.

ताठ तीनपाती हेडावर स्वॉशप्लेटने दिलेला झुकाव फिरण्याच्या दिशेत 90 अंश पुढे उमटण्याऐवजी त्याआधीच उमटतो, म्हणून कंट्रोलरमध्ये स्वॉशप्लेट आभासी रीतीने फिरवावी लागते. ही दुरुस्ती पुढे व मागे विरुद्ध चिन्हांची द्यावी. दोन्हीकडे एकच चिन्ह दिले तर कुशीवर कलवताना नाकही हलते आणि जायरोचा (फिरणे ओळखणाऱ्या संवेदकाचा) गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, कितीही बदलला तरी ते थांबत नाही.

गुरुत्वमध्य दोन मास्टांच्या मध्याच्या किंचित पुढे ठेवावा. वेगात मागचा रोटर पुढच्याने खाली ढकललेल्या हवेत काम करतो, त्याचा उचल कमी पडतो आणि शेपूट बसू लागते. मध्यामागे वजन असलेली प्रतिकृती जागेवर छान तरंगते, पण पुढे जाताना अचानक नाक वर फेकते. चौकोनी पोटात बॅटरीला भरपूर जागा असल्याने ती पुढे-मागे सरकेल अशी पट्टी ठेवणे सोयीचे. वळण घेण्याची ताकद मुळातच कमी असते. त्या अक्षावर जायरोचा गेन चढवला तर सांगाडा थरथरतो, वळणे मात्र चपळ होत नाहीत.

सुरुवातीचा वेग हळूहळू चढवावा. चाकांचे खांब फार मऊ असतील आणि पात्यांचे बोल्ट कमी-अधिक आवळलेले असतील, तर जमिनीवरच प्रतिकृती डोलू लागते आणि हे डोलणे दर फेऱ्याला वाढते. वेग अजून कमी असेल तर मोटर लगेच तोडावी. पूर्ण वेग आलेला असेल तर सरळ जमीन सोडावी, कारण चाकांचा आधार सुटताच डोलणे थांबते. मग सहाही बोल्ट सारखे आवळावेत: प्रतिकृती आडवी धरल्यावर पाते स्वतःच्या वजनाने पडणार नाही, पण बोटाने ढकलले की हलेल, इतपत.