कॅनो सफर : साहित्याची पारख आणि निवड (कोल्हापूर परिसर)

कॅनो ही दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची हलकी नाव. तिच्यात तंबू, अंथरूण-पांघरूण आणि शिधा भरून पाण्याने जायचे, काठावर मुक्काम करायचा आणि सकाळी पुढे निघायचे, या प्रवासाला कॅनो सफर म्हणतात. कयाक वेगळी. ती बहुधा वरून झाकलेली असते आणि तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. ही सफर रुजली कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या सरोवरांच्या मुलखात. तिथे एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना नाव आणि सामान खांद्यावर वाहून न्यावे लागते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या सीमाभागात ही पायवाट आजही ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनोची लांबी.

कोल्हापुरात खांद्यावरची ही वाट बंधाऱ्यांमुळे येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत सुमारे ८० किलोमीटर वाहते. तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की दगडी खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातले की मागे लांबवर संथ, खोल पाणी साठते. कॅनोला याहून चांगले पाणी नाही. पण बंधारा ओलांडायचा तो काठाने, नाव उचलूनच. बंधाऱ्यावरून सांडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. वरून ते निरुपद्रवी दिसते, म्हणूनच जास्त घातक. नाव बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लावावी.

त्यामुळे इथे नावेची निवड वजनावरून करावी. दोघांच्या मुक्कामी सफरीला सोळा ते सतरा फुटी कॅनो पुरते. या मापात जाड प्लॅस्टिकची नाव ३५ ते ४० किलो भरते, ॲल्युमिनियमची तीसच्या वर आणि केवलार या हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याची वीसच्या आसपास. केवलारची नाव महाग असते आणि दगडावर घासलेले तिला सोसत नाही. प्लॅस्टिकची नाव आपटली तरी निभावते, पण काठाच्या चिखलातून ती वर चढवताना दोघांचा दम निघतो. विकत घेण्याआधी नाव उचलून शंभर पावले चालून बघावे. तळ सपाट असेल तर बसताना नाव डुगडुगत नाही, पण लाटेत कलली की पटकन उलटते. गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे गुळाच्या पसरट कढईत बसून, ओढा ओलांडलेल्या जुन्या माणसांना सपाट तळाची ही गंमत आणि धोका दोन्ही ठाऊक आहेत. लांब पल्ल्याला किंचित गोलाई असलेला तळ बरा.

वल्ह्याचे माप खुर्चीवर ताठ बसून घ्यावे. बैठकीपासून नाकापर्यंतची उंची म्हणजे पाते सोडून दांड्याची लांबी. एक वल्हे जादा न्यावेच.

खरी पारख लागते ती पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांची, आणि ती घरच्या घरी करता येते. पिशवीत वर्तमानपत्राची घडी ठेवावी, तोंडाची पट्टी निदान तीनदा घट्ट गुंडाळून बकल लावावे, बाहेरून दगड बांधून पिशवी पाण्याने भरलेल्या पिंपात अर्धा तास बुडवावी. मग कागद काढून बोटांनी चाचपावा. कडा जराशी दमट लागली तरी त्या पिशवीत पांघरूण ठेवू नये, भांडी ठेवावीत. गळती कुठे आहे ते शोधायला पिशवीत हवा कोंडून शिवणीवर साबणाचे पाणी फासावे. जिथे फुगे येतील तिथे भोक. वेष्टनावरच्या ‘आयपीएक्स ७’ या खुणेचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे, एवढाच. वापरून पट्टी मऊ पडली की तीही हमी राहत नाही, म्हणून ही चाचणी दर हंगामात करावी.

जीवरक्षक जाकीट अंगात घालून, पट्टे आवळून, छातीभर पाण्यात उभे राहून हात वर करावेत. जाकीट कानापर्यंत सरकले तर ते आपल्या मापाचे नाही. पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना जाकीट कमीपणाचे वाटते. पण डोके आपटून शुद्ध हरपली की पोहणे उपयोगाचे नसते. या एका वस्तूत काटकसर करू नये. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल असावी. कोल्हापुरी चप्पल भिजली की फुगते, तिला घरीच ठेवावे.

तंबू नोव्हेंबरात गच्चीवर लावून एक रात्र त्यात झोपावे. थंडीत नदीकाठी दव भरपूर पडते आणि एका पदराच्या तंबूत पहाटे छतातून थेंब टपकतात. दोन पदरी, जाळीचा तंबू इथे योग्य. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, ओल्या जमिनीत आखूड खुंट्या धरत नाहीत, वीतभर लांब घ्याव्यात. दोन्ही काठांना उसाचे फड असतात, तेव्हा जागा शेतकऱ्याला विचारूनच धरावी. कृष्णेत मगरी आहेत, म्हणून नरसोबाच्या वाडीच्या बाजूला तंबू पाण्यापासून दूर हवा.

प्यायचे पाणी घरूनच न्यावे. शहराच्या खाली नदीत सांडपाणी मिसळते आणि साध्या गाळणीने रसायने निघत नाहीत. लिटरला एक किलो या हिशेबाने ओझे वाढते, म्हणून शिधा हलका असावा: भडंग, गूळ, शेंगदाणे, भाकरी. ही मंडळी चूल न पेटवताही भागवतात.

पावसाळ्यात सफर करू नये. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी भरले की आपोआप उघडतात, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा तर ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात. बरगे घातल्यानंतरचे महिनेच योग्य. तेव्हाही उपसा पंपांचे पाइप आणि केबली काठालगत पाण्यात असतात. नाव त्यांच्यापासून अंतर राखून न्यावी.

शेवटची चाचणी भरलेल्या नावेची. जड सामान मधोमध, तळाशी ठेवून संथ पाण्यात काठालगत, जाकिटे घालून ती मुद्दाम उलटवावी. काय तरंगते, काय बुडते, दोघांनी मिळून ती सुलटी करून पाणी उपसायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहावे. उपसायचा डबा दोरीने नावेलाच बांधलेला असावा.