व्यवसायाच्या जागेतील अग्निसुरक्षेचे दायित्व

दुकान, कार्यालय, कारखाना, गोदाम, उपाहारगृह, चित्रपटगृह अशा जागेत आग लागू नये आणि लागलीच तर माणसे सुखरूप बाहेर पडावीत, यासाठी कायद्याने जागेच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर टाकलेली जबाबदारी. आग विझवणे हे अग्निशमन दलाचे काम. हे दायित्व त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

इंग्लंडमध्ये १४०१ सालच्या ब्यूल्यू विरुद्ध फिंगलॅम या खटल्यात, नोकराच्या वा पाहुण्याच्या हातून लागलेली आग शेजाऱ्याकडे पसरल्यास घरधनी जबाबदार, असे मत मांडले गेले. घरधन्याच्या इच्छेविरुद्ध परक्याने लावलेली आग मात्र त्यातून वगळली. हे दायित्व निरपेक्ष (म्हणजे चूक असो वा नसो, लागू होणारे) होते की निष्काळजीपणावर आधारलेले, याविषयी विधि-इतिहासकारांत मतभेद आहेत. दाव्याच्या लॅटिन मसुद्यातील ‘निष्काळजीपणे’ या अर्थाच्या शब्दावर एक पक्ष भर देतो. तो शब्द केवळ ठरीव साच्याचा भाग होता, असे दुसरा म्हणतो. परक्याचा अपवाद पाहता दायित्व पूर्णपणे निरपेक्ष मानणे अवघड वाटते. १७७४ च्या कायद्याने अपघाती आगीपुरती मालकाची सुटका केली; निष्काळजीपणाने लागलेली आग ‘अपघाती’ नव्हे, हे १८४७ मध्ये फिलिटर विरुद्ध फिपार्ड खटल्यात ठरले.

भारतात अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांत आहे. त्यामुळे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यात जबाबदारी ‘मालक किंवा भोगवटादार’ यांच्यावर आहे. भाडेकरू, परवानगीने जागा वापरणारा आणि स्वतःची जागा स्वतः वापरणारा मालक, हे सारे भोगवटादारच. खरी अडचण त्या ‘किंवा’ची आहे. गाळ्यातील अग्निशामक नळकांडे कोणाचे, हे सहज सांगता येते. सामाईक जिना, गच्चीवरील टाकी आणि पंप यांच्याकडे मात्र दोघेही दुसऱ्याचे काम म्हणून पाहतात. भाडेकरारात त्याबद्दल कलम असले तरी ते त्या दोघांपुरते. नोटीस दोघांपैकी कोणालाही येऊ शकते.

यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीकडून ‘नमुना अ’ आणि पुढे देखभालीसाठी दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. तपासणी कागदापुरती राहिली तर या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. नळकांड्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, नळीला दाबाने पाणी येते का, जिन्याखाली खोकी रचली आहेत का, बाहेरच्या दाराला कुलूप आहे का, हे जागेवर जाऊनच कळते.

‘ना हरकत प्रमाणपत्र मिळाले म्हणजे जबाबदारी संपली’ हा समज सर्रास आढळतो. तो किती घातक आहे, हे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील १३ जून १९९७ च्या आगीने दाखवले. तळमजल्यावरील रोहित्रातून आग वाहनतळात पसरली आणि धूर वर चढला. बाल्कनीत वाढवलेल्या आसनांमुळे उजवीकडची बाहेर जाण्याची वाट बंद झाली होती. ५९ जण दगावले, ते प्रामुख्याने गुदमरून. चित्रपटगृहाला परवाना होता, तरीही २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा ८५ टक्के भार परवानाधारकावर आणि १५ टक्के दिल्ली विद्युत मंडळावर टाकला. महापालिका आणि परवाना देणारे पोलीस अधिकारी यांना भरपाईतून वगळले. पीडितांच्या बाजूने पाहता निकालाचा हा शेवटचा भाग खटकतो.

फौजदारी बाजू वेगळी आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, तर आगीबाबत निष्काळजी वर्तन केल्यास कलम २८७ लागू होते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची कलमे ३०४-अ आणि २८५ लागू होतात.